बारमाही शुद्ध

आमच्या नागपूरच्या तांडापेठेतल्या घरात बायांच्या दोनच जाती होत्या, आतली आणि बाहेरची. आतली म्हणजे जिला चुलीला, देवाला आणि मागाला शिवता येतं ती. बाहेरची म्हणजे मागच्या पडवीत मोरीला लागून पोतं टाकून बसलेली, जिच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतायचं. माय दर महिन्याला चार दिवस बाहेरची व्हायची. आत्याबाईचं ते वय उलटून गेलं होतं, म्हणून ती कायमची आतली. आणि मी सोळावं लागलं तरी आतलीच. वर्गातल्या पोरी एकेक करून शहाण्या झाल्या, माझं काही नाव नाही. आज माझ्या ओळखीत कोणी अशी पोर घरी बसवून ठेवली तर मी स्वतः जाऊन तिच्या घरच्यांना चार शब्द सुनावून येते. पण तेव्हा आमच्याकडे या गोष्टीची काळजी वाटायची सोडून सगळ्यांना भारी सोय वाटत होती. मलाही ती शाबासकीच वाटायची.

सोय कशी, ते सांगते. आमचं कोष्ट्याचं घर. समोरच्या खोलीतली अर्धी जागा मागानं खाल्लेली. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत खटक-खट, खटक-खट चालायचं. तो आवाज थांबला की आम्ही माना वर करायचो, कारण माग थांबला म्हणजे तार तुटली, नाहीतर बाबांची पाठ धरली. पूजेत नेसायची रेशमी पितांबरं बाबा विणत. विणणारा एक दिसतो, पण त्याच्या मागे घरातल्या दोन बाया राबतात. तार गुंडाळून कांड्या भरायच्या, खळ शिजवायची, आणि सगळ्यात डोळेफोडीचं काम सांधणीचं. मागावरचा ताणा, म्हणजे उभ्या तारा, संपत आला की त्याच्या एकेका तारेला नव्या ताण्याची तार बोटांना राख लावून पिळून जोडायची. केसासारखी तार, आणि संपता संपत नाही. आत्याबाईचा नियम असा की सोवळ्यात नेसायच्या रेशमाला बाहेरच्या बाईचा हात लागता कामा नये. लागला तर तार तुटत जाते, पितांबर नासतं, नेसणाऱ्याची पूजा फुकट जाते. बाबांची ती मोठी बहीण, त्यांना आईच्या जागी. सासरच्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला माघारी धाडलं होतं. का, ते आमच्याकडे कोणी बोलत नसे. ती आली ती भावाचं घर हातात घेऊनच बसली.

म्हणून माय बाहेर बसली की घर आणि माग दोन्ही माझ्या गळ्यात. पहाटे नळाचं पाणी, मग भाकरी, अंबाडीची भाजी नाहीतर वरण, मग कांड्या, मग शाळा, आल्यावर सांधणी. मायला पडवीत ताट सरकवायचं ते मीच. ती भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची आणि मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचं, काय आराम आहे बुवा, मला कधी मिळणार हे पोतं! त्यात आत्याबाई गल्लीभर सांगत सुटायची, "माही शोभी बारमाही शुद्ध हाय. कवाबी बोलवा." आणि बाया बोलवायच्या. कोणाकडे पापड लाटायचे, कोणाचं लोणचं भरायचं, कोणाच्या महालक्ष्म्यांचा नैवेद्य, कोणाच्या रेशमाची सांधणी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं माझं झालं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हणायला त्या चार दिवसांशिवाय दुसरं कारणच बाईमाणसाला नव्हतं, आणि तेच माझ्याजवळ नव्हतं.

पोट मात्र दुखायचं. महिन्या-महिन्यानं यायचं ते दुखणं, ओटीपोटात, आतून कोणी फडकं पिळावं तसं. दोन-तीन दिवस राहायचं आणि जायचं. पहिल्यांदा आलं तेव्हा आत्याबाई म्हणाली, खड्ड्याचा गारवा पोटात शिरला. दुसऱ्यांदा म्हणाली, बेंबी सरकली. मग पार्वताकाकू आमच्या शेजारची, तिनं माझ्या पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला. ओवा खाल्ला, हिंग लावला, विटेनं शेकलं. तरी दर महिन्याला दुखणं जरा जास्तच वेळ थांबायला लागलं, आणि त्यात कंबर धरायची, शौचाला त्रास व्हायचा. मी निजले की आत्याबाई म्हणायची, "तू का बाहेर बसली हाय का? मंग काहून लोळून राहिली? ऊठ." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. दर महिन्याला ठरावीक दुखतंय आणि पोरीला काही येत नाही, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायचं आमच्या घरात कोणाला सुचलं नाही. मायलासुद्धा नाही, आणि मला तर बोलायचीच लाज.

माझी नात परवा हॉलमध्ये बसून मैत्रिणीला फोनवर सांगत होती, माझी यावेळी लांबली गं, पोट पण दुखतंय, संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊन येते. तिचा बाप तिथंच टीव्ही पाहत होता. मी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते. आधी माझी मान आपसूक खाली गेली, मग मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तिला म्हटलं, जा, आजच जा. ती म्हणाली, आजी, एवढं काय टेन्शन घेतेस! आता तिला काय सांगायचं, मी कसलं टेन्शन घेते ते. गुडघे दुखतात, बसवत नाही जास्त वेळ, पण हे एकदा लिहून टाकायचं होतं म्हणून बसले आहे.

ती सकाळ पाजणीची होती. पाजणी म्हणजे नवा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचा, त्याला खळ पाजायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्यानं झाडून तार न् तार मोकळी करायची. पाजणीला गल्लीतली सगळी घरं हात लावतात. त्या दिवशी माझं पोट आदल्या संध्याकाळपासून दुखत होतं, आणि त्यात लघवीच होत नव्हती. चारदा मोरीवर जाऊन आले, एक थेंब नाही. कोणाला सांगणार? माय त्या वेळी आतली होती, पण ती खळीच्या पातेल्याशी. मी कुंचा घेऊन ताण्यावर वाकले, दोन पावलं गेले आणि सरळ ताण्यावरच पडले. तारा तुटायचा आवाज होत नाही, पण बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. अंगावर सगळी खळ सांडली होती, झगा अंगाला चिकटला होता. बाया धावल्या, मला उचलायला वाकल्या, आणि वाकल्या तशाच थांबल्या. माझं बेंबीखालचं पोट वर आलेलं होतं. चांगलं टणक, गोल. घरात ढगळ कपड्यांत ते कोणाला दिसलं नव्हतं. पार्वताकाकूनं तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "बाई वं!"

आत्याबाईनं मला बखोटीला धरून आत नेलं. दार लावलं. "कोनाचं हाय?" तिनं विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, ताणा पार्वताकाकूच्या घरापर्यंत तुटला का? तिनं थोबाडीत दिली. "नाक कापलं वं आमचं! कोनाचं हाय ते सांग!" तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर मी रडले नाही, मला उलटी झाली. माय दाराबाहेर होती. ती दार ढकलून आत आली. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, दाबला, मी किंचाळले. मायनं नणदेकडे पाहून इतकंच म्हटलं, "माह्या पोट्टीले हात लावू नका, बाई." पंधरा-सोळा वर्षं एका चुलीवर रांधलं दोघींनी, पण मायचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. तिनं मला गोधडीत गुंडाळलं आणि बाबांना सायकलरिक्षा आणायला पाठवलं. आत्याबाई मागून दुसऱ्या रिक्षानं आलीच. घराचं नाव जायची वेळ, ती कशी मागे राहील!

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण जाडजूड, थकलेली बाई होती. रात्रपाळी करून बसलेली असावी, बोलताना जांभया देत होती. तिनं आधी नळी घालून लघवी काढली. तो सुटकेचा क्षण मी देवाघरी जाईपर्यंत विसरणार नाही. मग सगळ्यांना बाहेर काढून मला तपासलं, दोनचार प्रश्न विचारले. महिन्या-महिन्यानं दुखतं का? किती दिवसांपासून? कोणाजवळ बोललीस का नाही? कोणीतरी मला असं नीट, न ओरडता विचारलं याचंच मला रडू आलं. मग तिनं मायला, बाबांना आणि आत्याबाईला आत बोलावून सांगितलं. "मुलगी गरोदर नाही. हिला पाळी येते आहे. कधीपासूनच येते आहे. पण खाली जन्मापासूनच एक पडदा पूर्ण बंद आहे, त्यामुळे रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. दर महिन्याचं रक्त आत साठून राहिलं आहे, त्यानं लघवीची वाट दाबली. छोटं ऑपरेशन करून पडदा उघडावा लागेल. मग सगळं ठीक होईल, पुढं मुलंबाळंही होतील."

आत्याबाईनं आधी हात जोडले, देवाचं नाव घेतलं. गरोदर नाही, हेच तिला पुरे होतं. मग तिच्या लक्षात आलं, डॉक्टरीण कुठला पडदा म्हणते आहे ते. तिचा चेहरा असा उतरला की मलाच भीती वाटली. "तो पडदा कापला तं पोरीचं कुवारपन जाईन," ती म्हणाली. "उद्या लगन झाल्यावर नवरा इचारन, का सांगाचं? दवाखान्यात गेलं म्हनाचं? कोन मानते? नाई जी. औषध द्या, गोळ्या द्या. कापाकापी नाई." डॉक्टरीण म्हणाली, गोळीनं दार उघडत नाही. नाही उघडलं तर साठत जाईल, आत पू धरेल, पोरगी जिवाला मुकेल. आत्याबाई म्हणाली, "जीव वाचला अन् पोट्टी माघारी आली तं?" मला आता वाटतं, तेवढ्या एका वाक्यात तिनं स्वतःची सगळी हकीकत सांगून टाकली होती. पण तेव्हा तिथं ऐकायला कोण रिकामं होतं?

डॉक्टरीण बाबांकडे वळली. बाबा म्हणजे देवमाणूस, पण देवासारखेच मुके. ते बहिणीकडे पाहत म्हणाले, "बाई म्हनते ते..." मी खाटेवर पडून छताकडे पाहत होते. पोटातलं पुन्हा सुरू झालं होतं. मला इतकंच कळत होतं की या तिघांचं जे ठरेल ते माझं होणार, मग ते मरण असो की दुसरं काही. मी इतकी दमले होते की दोन्हीतलं काहीही चाललं असतं. तेव्हा माय बोलली. बाबांशी बोलली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुमी जल्मभर मागावर बसले. एक गोष्ट सांगा. इनून झाल्यावर कापल्याबिगर पितांबर मागावरून उतरते का?" बाबांनी मान हलवली. नाही. "मंग होऊ द्या. पोट्टी वाचन तं लगनाचं पाहू. माह्याजवळ एकच हाय." आत्याबाई म्हणाली, "तुले समजून नाई राहिलं वयनी." माय म्हणाली, "नसन समजत, बाई. तरी होऊ द्या." बाबांनी डॉक्टरणीला सांगितलं, करा.

ऑपरेशन खरंच छोटं होतं. आत किती दिवसांचं काळं, घट्ट रक्त निघालं ते मायनं पाहिलं, मी नाही. जाग आली तेव्हा पोट हलकं होतं, नुसतं माझं माझं पोट. आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी बसून बोटांवर कसलातरी हिशेब करत होती. मी विचारलं, काय झालं आत्याबाई? ती हळूच म्हणाली, "म्हंजे ते सारे दिवस तू बाहेरचीच होती का वं?" मग मला उमगलं. गल्लीतली सगळ्यात शुद्ध पोर महिन्याच्या महिन्याला विटाळशी होती. तिनं पितांबरं सांधली, लक्ष्म्यांचा नैवेद्य रांधला, अर्ध्या तांडापेठेची लोणची भरली. लोणचं एक नासलं नाही. ती पितांबरं नेसून नागपुरात किती जणांनी पूजा केल्या असतील, आणि देवानं कोणाची परत पाठवली नाही. मला हसू आलं, टाके ओढले तरी हसू आलं. आत्याबाई हसली नाही. घरी गेल्यावर तिनं गोमूत्र शिंपडलं, पण घरातच. मागावर शिंपडायला बाबांनी दिलं नाही.

निघायच्या दिवशी डॉक्टरणीनं मायला समोर बसवून समजावलं. आता पाळी दर महिन्याला येईल, फडकी उकळून उन्हात वाळवा, अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. थोडं दुखलं तर घाबरू नका. दुखायला लागलं की लगेच काहीतरी खाऊन ही गोळी द्या, अंगावर काढू देऊ नका. पण असं मोडून पडण्याइतकं दुखलं, किंवा महिनेच्या महिने आली नाही, तर घेऊन या. मग सहज विचारल्यासारखं तिनं मायला विचारलं, "तुम्हाला त्रास होतो का त्या दिवसांत?" माय म्हणाली, "होते न. सगळ्याइले होते." "किती होतो?" माय खाली पाहत म्हणाली, "उलट्या होते. डोयापुढं अंधारी येते. दोन दिवस उठता नाई येत जी. लगनाच्या आधीपासून." डॉक्टरीण म्हणाली, हे सगळ्यांना होत नाही, बाई. तुम्ही पण तपासायला या, आणि तोवर याच गोळ्या घ्या. माय "हो जी" म्हणाली, आणि गोळ्यांचं पाकीट उचलून माझ्या हवाली केलं. म्हणजे हो म्हणायचं म्हणून म्हटलं. मी खाटेवर बसून ते सगळं ऐकलं. पडवीतला तो आराम मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

पुढच्या महिन्यात मला पाळी आली. आली म्हणजे सगळ्या जगाला येते तशी, साधी, लाल. थोडं दुखलं, मी भाकरीचा तुकडा खाऊन गोळी घेतली आणि पडवीत मायच्या शेजारी पोतं टाकलं, कारण ती पण त्याच दिवशी बाहेर बसली होती. समोरच्या खोलीतून खटक-खट ऐकू येत होतं. माय भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. कपाळावर घाम होता, ओठ दाताखाली धरला होता. मी म्हटलं, माय, गोळी घे. म्हणाली, "ते तुही हाय. पुरन नाई." मी म्हटलं, डॉक्टरणीनं दोघींना दिली. म्हणाली, "माहं का आता. चारदोन वर्सं राहिले." मग मी तिचं ऐकलं नाही. तुकडा तिच्या तोंडात घातला, गोळी घातली, वरून पाणी ओतलं. तिनं गिळली, बहुतेक माझ्याशी भांडायची ताकद नव्हती म्हणून. नंतर मी तिला दवाखान्यात ओढत नेलं, तिथं तिच्या पिशवीत गाठी निघाल्या, पण ते सगळं पुढचं.

त्या दुपारी मी तिच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिले. तासाभरात तिची पाठ सैल झाली. गुडघे हळूहळू खाली गेले. ती उताणी वळली, मग उठून बसली, आणि पोटावर हात ठेवून तशीच बसून राहिली, कोणीतरी बोलायचं थांबलं आणि आपण कान देतो तशी. मग म्हणाली, "एवढंच होतं का वं?" आणि ती रडायला लागली. मुळूमुळू नाही. तिची माय गेली तेव्हासुद्धा ती अशी मोठ्यानं रडली नव्हती. माग थांबला. आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून रडून राहिली वं वयनी? लयच दुखून राहिलं का?"

माय म्हणाली, "नाई जी, बाई. दुखनं थांबलं."